उतारावरचे मळेवाले

प्रिय सई आणि निनाद,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही तो जुना फोटो कॅमेऱ्यासमोर धरलात आणि विचारलंत, "आजी, सगळे टेबलाशी बसलेत, मग मागे हा टोपीवाला माणूस उभा का?" तुमची आई म्हणाली, "ते मळेवाले आजोबा." त्यावर सई डचमध्ये काहीतरी पुटपुटली. त्यांना खुर्ची मिळाली नाही का, असा त्याचा अर्थ असावा. खुर्च्या होत्या. नीट पाहाल तर फोटोत दोन रिकाम्या दिसतील. ते बसत नसत.

फोनवर हे सगळं सांगून होत नाही, आणि तुम्ही मध्येच उठून जाता. म्हणून लिहून पाठवते आहे. आई वाचून दाखवील. मळेवाल्यांचं खरं नाव लिहीत नाही, कारण त्यांना न विचारता लिहिते आहे.

करोनाच्या त्या वर्षी फेब्रुवारीत मी तीन महिन्यांसाठी आइंडहोवनला आले होते. मार्चमध्ये विमानं बंद झाली. तुमचे आई-बाबा जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून ऑफिस करायचे, तुम्ही टेबलाखाली घर बांधायचात, आणि मी खिडकीपासून दारापर्यंत चौदा पावलं जायची आणि चौदा पावलं परत यायची. रोज सकाळी विमान कंपनीचं पान उघडायचं, रोज तेच वाक्य वाचायचं. जुलैत शाळांना सुट्टी लागली तेव्हा तुमच्या बाबांच्या ऑफिसातला एक मराठी मित्र म्हणाला, की त्याच्या सासूबाईंच्या शेतावर पाहुण्यांसाठी एक छोटं घर आहे आणि सध्या ते रिकामं आहे. त्याचे वडीलही तिथेच राहतात. "बाबा जरा विचित्र आहेत," तो म्हणाला, "पण काकूंना मराठी बोलायला सोबत होईल."

हॉलंड सपाट आहे, असं मी शाळेत तीस वर्षं भूगोलाच्या तासाला शिकवलं. ते खोटं निघालं. देशाच्या दक्षिणेच्या टोकाला, जिथून बेल्जियम आणि जर्मनी दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत, तिथे जमीन एकदम वर-खाली होऊ लागते. रस्त्यांना वळणं येतात, गाई उतारावर तिरप्या उभ्या दिसतात. आमची गाडी फाटकाशी थांबली तर आडवी काठी धरून एक गृहस्थ उभे. डोक्यावर फेल्टची टोपी, अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे. काठीवर फुटांच्या खुणा कोरलेल्या. त्यांनी काठी आमच्या दिशेने सरळ केली, टोकाला बोटभर जागा सोडली आणि म्हणाले, "दीड मीटर. इथून पुढे येऊ नका. नावं सांगा."

तुमच्या बाबांनी नावं सांगितली. त्यांनी ती एका लांबट वहीत लिहिली.

"हजेरी सकाळी सातला."

"कसली हजेरी?" मी विचारलं.

"मळ्याची."

"अहो, आम्ही पाहुणे आहोत."

"पाहुणे खाली. तिथे, ते गाड्या लावून झोपतात ना, तिथे. या फाटकातून आत आला तो मळ्याचा माणूस."

दुसऱ्या दिवशी सातला मी गेले. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे पट्टीने आखलेले रकाने होते. मी सही केली. चार महिन्यांत मला कोणीही अमुक वाजता अमुक ठिकाणी हजर राहा, असं सांगितलं नव्हतं. चक्रमपणा असो, पण रकाने सरळ होते.

मळेवाले मूळचे कोकणातले, पण उभं आयुष्य निलगिरीत गेलं. चहाच्या मळ्यात लेखनिक म्हणून चिकटले आणि मॅनेजर होऊन बाहेर पडले. बायको गेली, मुलाने इकडे आणलं. मुलगा एका डच मुलीशी लग्न करून तिच्या माहेरच्या शेताजवळ राहत होता. सहा महिने मळेवाले खिडकीतून समोरचा उतार बघत राहिले. त्यावरची चेरीची म्हातारी झाडं नुकतीच काढून टाकली होती. मग ते मुलाच्या सासूबाईंकडे, म्हणजे आपल्या विहीणबाईंकडे गेले आणि म्हणाले, तो उतार मला द्या, मी चहा लावतो. विहीणबाई उंच, विधवा, सत्तरीच्या, स्वतः ट्रॅक्टर चालवणाऱ्या. त्यांनी विचारलं, किती वर्षं? हे म्हणाले, पाच. त्या म्हणाल्या, लावा. एवढंच बोलणं. कागद नाही की काही नाही.

"बाई," मळेवाले मला म्हणायचे. मी शिक्षिका होते हे कळल्यापासून मी बाईच झाले. "लग्नात मी मानपानाची सुपारीसुद्धा घेतली नाही. आता घेतलं तर एकदम डोंगरच घेतला."

"मग डोंगर कशाला म्हणता? परवा तर याला चढ म्हणत होतात."

"तो माझ्याकडे आला म्हणून डोंगर. त्या पलीकडे पाटी लावलीय ना, डोंगराचा रस्ता म्हणून, तो चढ. आमच्याकडे तसल्या चढावर म्हाताऱ्या बाया दळण घेऊन जातात."

"आमच्याकडे" म्हणजे निलगिरी. कोकणाला ते "गाव" म्हणत आणि हॉलंडला "हे".

पायाला चाकं लावल्यासारखा माणूस. चहा उभ्याने, जेवण उभ्याने, मुलाशी बोलतानासुद्धा ओळींमधून चालत. तुम्हाला त्यांच्याशी बोलायचं असेल तर बरोबर चालावं लागे, आणि दीड मीटर सोडून. झुडपं चार-चार फुटांवर लावली होती, त्यामुळे एक ओळ सोडून चाललं की अंतर आपोआप राखलं जाई. याचा त्यांना फार अभिमान. "सरकारला आत्ता कळलं. आम्ही पहिल्यापासून अंतर ठेवून आहोत."

चहाच्या झुडपांचा माथा सपाट राखतात, त्याला मळ्यात टेबल म्हणतात. ते टेबल बघायची त्यांच्या डोळ्यांना इतकी सवय, की वाटेत कोणाच्या बंगल्याचं कुंपण वेडंवाकडं वाढलेलं दिसलं तरी ते काठी त्यावर आडवी ठेवून बघत आणि मान हलवत. एका शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला होता, असं विहीणबाईंनी मला अगदी सहज सांगितलं.

मळ्याच्या कडेला त्यांनी हायड्रेंजियाचं एकच झाड लावलं होतं. तिथल्या मातीत चुना फार, आणि चहाला हवी आंबट माती. माती आंबट असली की ते फूल निळं येतं, नाहीतर गुलाबी. रोज सकाळी हजेरीनंतर ते त्या झाडापुढे जात आणि डॉक्टरने जीभ बघावी तसं फूल बघत. माती आंबट करायला पाईनच्या सुया गोळा करून आणत आणि खाली विहीणबाईंच्या जागेत भाड्याने तंबू लावणाऱ्या पाहुण्यांकडून कॉफीचा चोथा. निनाद, चोथ्याची बादली घेऊन तू त्यांच्याबरोबर प्रत्येक तंबूपाशी जायचास. "कॉफीचा जगात एवढाच उपयोग," ते म्हणत.

माझ्या चहाचं आणि त्यांचं मात्र कधी जमलं नाही. पहिल्याच दिवशी मी आलं घालून, दूध घालून छान उकळलेला चहा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी कपात डोकावलं.

"खीर उत्तम झालीय. चहा कुठाय?"

"तीस वर्षं चहा पिकवलात आणि दूध घालून कधी प्यायला नाहीत?"

"बाई, तुम्ही तीस वर्षं मुलं शिकवलीत. त्यांना कधी उकळलंत का?"

स्वतः चहा चाखायची त्यांची रीत अशी: चमच्यात चहा घ्यायचा, शिट्टीसारखा आवाज करून तो जोरात आत ओढायचा, तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. त्या वर्षात थुंकणं! खालच्या तंबूंतले लोक पोरांना ओढून आत नेत.

तंबूवाल्या लोकांवर त्यांचा राग जुना होता. निलगिरीत उन्हाळ्यात बसच्या बस भरून लोक यायचे, मळ्यात घुसायचे, पाठीला भाड्याची टोपली लावून फोटो काढायचे आणि जाताना फांदी मोडून न्यायचे. तिथे त्यांनी पाटी लावली होती: झुडपाला हात लावणाऱ्याने टोपलीभर पानं खुडून द्यावीत. तीच पाटी त्यांनी इथे डचमध्ये लिहून घेतली. त्या उन्हाळ्यात विमानं बंद असल्यामुळे सगळा हॉलंड गाड्यांमागे घरं लावून त्या टेकड्यांवर आला होता. सायकलवाले थांबत, उतारावर चहा बघून चकित होत आणि हात लावत. हे लगेच टोपली पुढे करत. पण झालं भलतंच. लोकांना ही शिक्षा आवडू लागली. कोणी कोणी मुद्दाम हात लावू लागले.

"काय माणसं आहेत," ते मला म्हणाले. "दंड केला तर म्हणतात, उद्याही येऊ का?"

हे सगळं विहीणबाई खालच्या अंगणातून बघत होत्या. त्या वर्षी तंबूसाठी रोज फोन येत होते आणि त्यांच्याकडे जागा नव्हती. चार वर्षं दर उन्हाळ्यात मळेवाल्यांनी त्यांना आपल्या काळ्या चहाचा कप नेऊन दिला होता, आणि चारही वर्षं त्यांनी दोन घोट घेऊन, डच माणसं बोलतात तसं थेट, काय ते सांगितलं होतं. पहिल्या वर्षी: ओलं गवत. दुसऱ्या वर्षी: वाळलेलं गवत. तिसऱ्या वर्षी: औषध. चौथ्या वर्षी: बरं औषध. आता पाचवं वर्ष होतं. मे महिन्यात ऐन पालवीवर थंडी पडली आणि सगळे कोंब करपले. मळेवाल्यांनी घरातल्या चादरी आणि विहीणबाईंच्या लग्नातला टेबलक्लॉथसुद्धा झुडपांवर टाकला होता, पण उपयोग झाला नाही. जुलैची पालवी हीच एक उरली होती.

एका सकाळी हजेरीच्या वेळी विहीणबाई स्वतः वर आल्या. दोघं आपापल्या इंग्रजीत बोलत. त्या म्हणाल्या, "या उतारावर बारा गाड्या मावतात. पाच वर्षं संपली. या वेळचा चहा आणा. साखरेशिवाय कपभर पिऊ शकले तर उतार तुमचा. नाही तर शरदात ट्रॅक्टर घालीन."

"मान्य," मळेवाले म्हणाले.

त्या गेल्यावर ते ओळीतून इतक्या वेगाने चालू लागले की मी मागे पडले. पुढून त्यांचा आवाज आला, "बाई, नखं कापून ठेवा."

कारण खुडायची माणसं आम्हीच. दरवर्षी गावातली शाळेची मुलं यायची, त्या वर्षी ती येणार नव्हती. पानं एका दिवसात खुडायला हवीत, नाहीतर एक घाणा एकसारखा उतरत नाही. मी, तुमची आई, तुम्ही दोघं आणि ते. दोन पानं आणि मधला कोंब, एवढंच घ्यायचं. मला वाटलं, यात काय विशेष, जन्मभर मेथी खुडली आहे.

"नख नको, बाई! नख लावलं की देठ काळा पडतो. अंगठा आणि बोट, आणि किंचित वळवा. मुठीत दाबू नका! तो काय नोटांचा गठ्ठा आहे?"

दहाच्या सुमाराला एक जोडपं सायकलवरून आलं. त्यातल्या बायकोने झुडपाला हात लावला. पाटीप्रमाणे दोघांना टोपल्या मिळाल्या. त्या दिवशी माणसांची गरजच होती, म्हणून मळेवाल्यांनी त्यांना चांगलं दोन तास राबवलं. नवरा पाच-सहा वेळा सणसणीत शिंकला. गवताची ॲलर्जी आहे, असं तो म्हणाला. मी ते ऐकलं आणि त्याच्या टोपलीकडे बघत राहिले.

दोनपर्यंत चार क्रेट भरले. मळेवाले गोठ्यावरच्या माळ्यावर जाळ्या लावायला गेले. तिथे पानं रात्रभर पसरून मलूल करायची होती. जाताना मला म्हणाले, "क्रेट घरात ठेवा. ऊन लागू देऊ नका." मी ठेवले.

आता तुम्हाला त्या दिवसांची एक गोष्ट सांगायला हवी. मार्चपासून आमच्या घरात दुधाची पिशवी, केळी, ब्रेडचं पाकीट, काहीही धुतल्याशिवाय आत येत नव्हतं. भाजी मिठाच्या पाण्यात आणि खायच्या सोड्यात बुडवायची, असं कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं आणि मी ते कडक पाळत होते. हिरवी पानं घरात आली की पहिलं पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी. ते माझ्या हातांनाच माहीत होतं, डोक्याला विचारायची गरज नव्हती. त्यात तो शिंकणारा माणूस. पानांवर धूळ होती, एक सुरवंट होता, एका जागी पक्ष्याने घाणही केली होती.

मी न्हाणीघरातला टब भरला.

एक पाणी साधं. एक सोड्याचं. एक परत साधं. पानं छान हिरवीगार दिसू लागली. मी ती चाळणीने उपसून पंच्यांवर पसरली, एक ओळ इकडे, एक ओळ तिकडे, मध्ये चालायला वाट ठेवून. काम चोख झालं होतं.

मळेवाले दारात आले. पंच्यांकडे पाहिलं. टबाकडे पाहिलं. तळाशी थोडी धूळ आणि तो सुरवंट होता.

"बाई, तुम्ही चहा धुतलात."

"हो. तीन पाण्यांतून."

"तीन."

"अगदी स्वच्छ आहे आता."

ते टबाच्या काठावर बसले. सात आठवड्यांत मी त्यांना बसलेलं पाहिलं ते एवढंच एकदा. टोपी काढून मांडीवर ठेवली. टक्कल होतं, हेही तेव्हाच कळलं.

"माझ्या हाताखाली तीनशे बाया होत्या," ते म्हणाले. "त्यांनी चहा चोरला, चहावर पोरं झोपवली, एकीने चहाच्या ढिगात मांजर व्यायला ठेवली. पण चहा कोणी धुतला नाही."

मग त्यांनी मला सांगितलं, अगदी हळू आवाजात, वर्गात मागे राहिलेल्या पोराला सांगावं तसं. काळ्या चहाचं पान आधी रात्रभर कोरडं कोरडं मलूल व्हावं लागतं, मग चुरगाळून त्याचा रंग चढू द्यायचा. ओलं पान मलूल होत नाही, आंबतं. आणि दुसरी पालवी येईतो सप्टेंबर उजाडेल, तोवर ट्रॅक्टर.

मला तोंड वर करवेना. माफी मागायला हवी होती, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "पण धुतलेली भाजी ठेवून चालत नाही हो. लगेच शिजवावी लागते."

त्यांनी मान वर केली. "काय म्हणालात?"

"शिजवावी लागते. निदान वाफवून तरी."

त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. "जपानी लोक वाफवतात," म्हणाले. "हिरवा चहा. आम्ही त्याला चहा म्हणत नाही. आजारी माणसाला देतात तो." मग उठले. "वाफ कशात काढाल?"

आपली माणसं सुट्टीला कुठेही गेली तरी इडलीपात्र नेतात, आणि तुमच्या आईने ते आणलं होतं. तुम्हाला हे थोडंफार आठवत असेल. साच्यांवर मूठ मूठ पानं, झाकण, मळेवाले हातात घड्याळ धरून उभे. "उघडा! बाई, उघडा, पानं आहेत, इडल्या नाहीत!" सई, तू पुठ्ठ्याने वारा घालत होतीस. वाफवलेली पानं मी आणि आई पोळपाटावर तळहाताने वळत होतो आणि मळेवाले ती ओव्हनमध्ये मंद आचेवर, दार किलकिलं ठेवून वाळवत होते. उन्हाळ्यात तिथे दहापर्यंत उजेड असतो. आम्ही संपवलं तेव्हा उजेड होता. एवढ्या चार क्रेटांचा दोन बरण्या चहा झाला. गडद हिरवा, सुईसारखा. त्यांनी तो चाखला नाही. बरणीचा वाससुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला विहीणबाई आपला मग घेऊन आल्या. दहा म्हणजे त्यांची कॉफीची वेळ. मळेवाल्यांनी चहा गाळून दिला. त्या बसल्या, आम्ही बसलो, ते मागे उभे राहिले. तुमचा फोटो तेव्हाचाच, आईने काढलेला.

विहीणबाईंनी एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग खिडकीतून उताराकडे बघत सावकाश उरलेला सगळा प्यायल्या आणि रिकामा मग पुढे केला. "अजून."

दुसरा मग अर्धा झाल्यावर म्हणाल्या, "हा चार वर्षं कुठे लपवला होतात?"

तुमच्या आईने माझा हात दाबला. सगळं मार्गी लागलं होतं. कोणी काही बोललं नसतं तर कोणाला काही कळलंही नसतं.

मळेवाले म्हणाले, "हा माझा चहा नाही."

"म्हणजे?"

"या बाईंनी पानं धुतली. टबात, सोडा घालून. वाया गेलेला माल आहे हा, कसाबसा वाचवलेला. मी काळा चहा करणार होतो. तो झाला नाही. तुम्ही ट्रॅक्टर घाला."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझं काय तोंड झालं होतं कोण जाणे. मग त्या मळेवाल्यांकडे वळल्या. "कोणाचा चहा, कुठला चहा, असं मी म्हटलं नव्हतं. कपभर पिईन म्हटलं होतं. दोन प्यायले." आणि उठल्या. "गाड्या मी खालच्या घोड्यांच्या कुरणात लावीन." दारातून मागे वळून म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही धुवा."

मळेवाले बाहेर गेले आणि ओळीतून चालू लागले. जेवायची वेळ झाली तरी चालतच होते. मी हाक मारायला गेले तेव्हा मधली एक ओळ सोडून माझ्याशी समांतर चालत म्हणाले, "उतार राहिला, बाई. चहा गेला."

निलगिरीतला काळा चहा या दुसऱ्या मातीत उतरवून दाखवायचा, यासाठी त्या माणसाने पाच वर्षं फुलाचा रंग तपासला होता. आणि लोकांना आवडला तो न्हाणीघरातला.

तरी दुसऱ्या दिवशी सातला हजेरी होतीच. वहीत माझ्या नावापुढे त्यांनी एक नवा रकाना आखला होता. वर लिहिलं होतं: धुणे.

सप्टेंबरात मला विमान मिळालं. ते फाटकापर्यंत आले, काठी आडवी धरून. "पुण्यात चहा कसला पिता तुम्ही, मला सांगू नका," म्हणाले. हाच निरोप.

पुढच्या वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये पुण्यात काय चाललं होतं ते तुम्ही मोठे झाल्यावर वाचाल. मी घरात एकटी होते. खाली रस्त्यावर दर थोड्या वेळाने ॲम्ब्युलन्सचा आवाज. फोन वाजला की तो उचलायच्या आधी मी खुर्चीचा हात घट्ट धरायची, कारण त्या दिवसांत फोनवर एकच प्रकारची बातमी येत असे. आमच्या इमारतीतून तीन माणसं गेली. मी पुन्हा खिडकी ते दार चालू लागले होते. इथे अकरा पावलं होती.

अशाच एका दुपारी फोन वाजला. परदेशचा नंबर. मला वाटलं, तुमच्यापैकी कोणाला काही झालं.

"बाई, सोडा किती घातला होता?"

कशा आहात नाही, काय नाही.

"कोण? मळेवाले? अहो, काय झालं?"

"या वर्षी थंडी पडली नाही. मेची पालवी उत्तम आलीय. सोडा न घालता धुतला, विहीणबाई म्हणाल्या तुरट. एक चमचा घातला, म्हणाल्या गवत. चार घातले, म्हणाल्या साबण. सोड्याने तुरटपणा मरतो, ते मला कळलंय, पण माप चुकतंय. त्या म्हणतात, गेल्या वर्षीसारखा होणार नसेल तर सांगा, जागेसाठी फोन रोज येतायत. शेवटचे दोन क्रेट उरलेत, टब भरून ठेवलाय. तुम्ही बाई आहात, तुम्ही मोजल्याशिवाय काही करत नाही. टबाला किती चमचे?"

माझ्याकडे वाणसामानाच्या वह्या आहेत, औषधांच्या आहेत, तुमच्या दातांच्या तारखासुद्धा लिहिलेल्या आहेत. पण त्या दिवशी मी मोजलं नव्हतं. त्या शिंकांच्या भीतीने पुडा फाडला होता आणि पाणी पांढरं होईतो उलटा धरला होता. मला काहीही माहीत नव्हतं.

"अडीच," मी म्हणाले. शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात.

"शीग लावून की सपाट?"

"सपाट."

"ठीक." लिहिल्याचा आवाज आला. मग नुसतं चालणं ऐकू येत होतं. "बाई, बाहेर जाऊ नका तिकडे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

तीन दिवसांनी त्यांचा मेसेज आला. एकच शब्द होता: "प्यायल्या."

तेव्हापासून दरवर्षी ते अडीच सपाट चमचे घालतात. आई म्हणते, या सुट्टीत तुम्ही सगळे तिकडे जाणार आहात. सातला हजेरीला जा, नखं कापून जा. ते तुम्हाला ओळींमधून फिरवतील आणि मध्येच, दुसरीकडे बघत, विचारतील की आजीने त्या दिवशी सोडा खरंच मोजला होता का. सई, तू मोठी आहेस, तू उत्तर दे. हो म्हण. अडीच. सपाट.

तुमची आजी